रंगाआधीचे काम

प्रस्तावना

मोटारसायकलच्या साइड पॅनलवरून रंगाचा पोपडा सुटला की दोष बहुधा रंगाला लागतो. डबा हलका होता, दुकानदाराने जुना माल दिला, पेंटरने थिनर जास्त ओतले, अशी कारणे पुढे येतात. खरे कारण हवे असेल तर सुटलेला पोपडा फेकून न देता उलटा करून उजेडात धरावा. त्याची मागची बाजू गुळगुळीत असेल आणि पॅनलवर खाली उघडे प्लास्टिक दिसत असेल, तर प्रायमरने प्लास्टिकला कधी धरलेच नव्हते. पॅनलवर राखाडी प्रायमर शाबूत राहून वरचा रंग तेवढा निघाला असेल, तर प्रायमर न घासताच किंवा त्याला तेलकट हात लागल्यानंतर रंग मारला गेला. पोपड्यासोबत पुटीचा जाड थर उचकटून आला असेल, तर पुटी नको तिथे आणि नको तेवढी भरली गेली. तिन्ही प्रकारांत रंगाचा डबा निर्दोष असू शकतो, कारण चूक त्याचे झाकण उघडण्याआधीच होऊन गेलेली असते. मोटारसायकलचे प्लास्टिकचे भाग घरी तयार करून रंगवणे हा या पुस्तिकेचा विषय आहे, पण तिची बहुतेक पाने रंगापेक्षा रंगाआधीच्या कामाला दिली आहेत, ती यामुळेच.

रंगकाम म्हणून जे एक काम समजले जाते, त्यात खरे तर दोन कामे आहेत. पहिले तयारीचे: प्लास्टिक ओळखणे, धुणे, घासणे, भेगा आणि ओरखडे भरणे, पुन्हा घासणे. त्याला पाणी, साबण, निरनिराळ्या नंबरांचे पॉलिश पेपर, चांगला उजेड आणि भरपूर वेळ लागतो. दुसरे फवारणीचे. त्याला कंप्रेसर, स्प्रे गन, धूळ नसलेली जागा, खेळती हवा, श्वासाचे संरक्षण आणि सरावलेला हात लागतो. वेळ मात्र थोडा पुरतो. दुकानात नेमका वेळच महाग असतो. पॅनलमागे ठरलेला दर घेणाऱ्या पेंटरला एका पॅनलच्या घासकामावर अर्धा दिवस घालवणे परवडत नाही, आणि काटकसर करायची झाली तर ती तो याच कामात करतो, कारण रंग चढल्यावर ती दिसत नाही. घरी याच्या उलट स्थिती असते. वेळ असतो, साधने नसतात. म्हणून तयारीचे काम घरी दुकानापेक्षा चांगले होऊ शकते, आणि फवारणी घरी एका मर्यादेतच करावी. ही मर्यादाही स्पष्ट सांगता येते: प्रायमर आणि साधा रंग घरी चालेल, पण हार्डनर मिसळून मारायचा शेवटचा लॅकर सोय असलेल्या कारागिराकडून मारून घ्यावा. या पुस्तिकेचे म्हणणे एवढेच आहे, आणि पुढची सारी चर्चा त्याच्या समर्थनासाठी आहे.

सिंदेवाही डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिण्यालाही कारण आहे. ब्रह्मपुरी वनविभागातल्या या तालुक्यात मोटारसायकल हे शेतीचे आणि जंगलाचे वाहन आहे. तिच्यावरून धानाचे पोते जाते, मोहफुलांची टोपली जाते, तेंदूपानाच्या हंगामात पुडक्यांची गाठोडी जातात. पोत्याची सुतळी महिनोन्महिने टेल पॅनलवर एकाच जागी घासत राहते, पायवाटेच्या दोन्ही बाजूंची झुडपे साइड पॅनल ओरबाडतात, आणि बांधावरून घसरलेली गाडी बहुधा एकाच कुशीवर पडते. वर उन्हाळा आहेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उघड्यावर उभ्या गाडीचे काळे प्लास्टिक हाताला चटका बसेल इतके तापते. फवारणीची बंद खोली असलेले दुकान हवे, तर मूलमार्गे सत्तरेक किलोमीटरवरचे चंद्रपूर किंवा त्याहून दूरचे नागपूर गाठावे लागते. त्यामुळे ओरखडलेले पॅनल वर्षानुवर्षे तसेच राहते, नाहीतर रस्त्याकडेला, येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकच्या धुळीत, तासाभरात रंगवले जाते. या दोन टोकांच्या मधली वाट दाखवणे हे या पुस्तिकेचे काम आहे.

मोटारसायकलवर प्लास्टिक आले त्याला साठ वर्षे उलटून गेली. होंडाने १९५८ साली बाजारात आणलेल्या सुपर कबवर पायांपुढचे कवच पॉलिथिनचे होते. आजच्या गाड्यांत आढळणारे पॉलिप्रॉपिलीन हे दुसरे प्लास्टिक तेव्हा अगदी नवे होते. इटलीत जुलिओ नाट्टा यांनी ते १९५४ मध्ये तयार केले आणि १९६३ मध्ये कार्ल झिग्लर यांच्यासोबत त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडे बजाज चेतकचे अंग पत्र्याचे होते, आणि ठोकून सरळ करणे व रंगवणे ही तेव्हापासूनची विद्या पत्र्यावरच घडली. आज टाकी बहुतेक गाड्यांत पत्र्याचीच आहे, पण साइड पॅनल, टेल पॅनल, हेडलाइटभोवतीचा वायझर आणि बऱ्याचदा पुढचा मडगार्ड प्लास्टिकचा असतो. पत्र्यावर शिकलेली पद्धत जशीच्या तशी प्लास्टिकला लावणे, हे फसलेल्या कामांचे सर्वांत मोठे कारण आहे.

पहिला फरक पकडीचा. रंगीत, चकचकीत पॅनल सहसा एबीएस या जातीच्या प्लास्टिकचे असते. चाकांजवळचे काळे, रंग न दिलेले भाग बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. अंदाज बांधण्याची गरज नाही. भाग खोलून मागच्या बाजूला पाहिले तर दोन कोनचिन्हांच्या मध्ये कोरलेली एबीएस किंवा पीपी ही इंग्रजी अक्षरे बहुतेक वेळा सापडतात. आयएसओ ११४६९ या आंतरराष्ट्रीय मानकाची ती खूण आहे. खूण पुसली गेली असेल तर मागून प्लास्टिकची छोटी कपची काढून पाण्यात टाकावी. निर्भेळ पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्याने तरंगते, एबीएस बुडते. मात्र भुकटी मिसळलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडू शकते, म्हणून तरंगले तर खात्री झाली आणि बुडाले तर शंका उरली, असे समजावे. हा भेद महत्त्वाचा अशासाठी की एबीएसवर नीट घासून प्लास्टिकसाठीचा प्रायमर मारला तर तो धरतो. पॉलिप्रॉपिलीन मुळात कशालाच धरून ठेवत नाही. त्यावर प्रायमरच्या आधी पकड वाढवणाऱ्या ॲडहिजन प्रमोटरचा पातळ हात द्यावाच लागतो. तो मिळत नसेल तर तो भाग काळाच ठेवावा, असे आम्ही स्पष्ट सांगतो. न धरणाऱ्या रंगापेक्षा स्वच्छ काळे प्लास्टिक केव्हाही चांगले.

दुसरा फरक धुण्याचा. गाडी चमकावी म्हणून तिच्यावर शायनर फवारले जाते, डिझेलचे किंवा रॉकेलचे फडके फिरते, साखळीचे तेल उडते. नव्या, रंग न दिलेल्या पॅनलवर साचातून सहज सुटण्यासाठी लावलेला पदार्थ असू शकतो. शायनरमधले सिलिकॉन सर्वांत हट्टी. त्याचा डोळ्याला न दिसणारा अंश उरला तरी वरचा ओला रंग तिथून मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. म्हणून क्रम असा: आधी भांड्यांच्या साबणाने आणि भरपूर पाण्याने धुणे, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, आणि त्यानंतरच घासणे. आधी घासले तर पेपरच्या ओरखड्यांत तेल आणखी खोल बसते. अल्कोहोलऐवजी पेट्रोल किंवा थिनर वापरण्याची सवय मोडली पाहिजे. पत्र्यावर ते चालून जाते, एबीएसला मात्र ते आतून कमकुवत करते. पृष्ठभागावर केसांसारख्या बारीक भेगा उठतात आणि त्या रंगाखालून वर येतात. धुणे पुरेसे झाले की नाही हे पाणीच सांगते. घासून धुतलेले एबीएसचे पॅनल पाण्याखालून काढून उभे धरावे. पाण्याचा पापुद्रा सलग टिकला तर पॅनल स्वच्छ आहे. पाणी एखाद्या जागेवरून थेंब होऊन मागे सरले तर तिथे तेल आहे. या परीक्षेला पैसा लागत नाही. हाच पापुद्रा पॉलिप्रॉपिलीनवर स्वच्छ असतानाही तुटतो, तेव्हा तिथे या परीक्षेवर विसंबू नये.

तिसरा मुद्दा जाडीचा, आणि घासकामाला इतकी पाने का दिली याचे उत्तर त्यात आहे. पॅनलवरचा सगळा रंग, प्रायमरपासून लॅकरपर्यंत, साधारण १०० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग असतो. त्यातला प्रत्यक्ष रंगाचा थर १५ ते २० मायक्रॉनचाच. आता पॉलिश पेपरकडे पाहावे. १८० नंबरच्या पेपरवरचे कण सरासरी ८२ मायक्रॉनचे असतात, ४०० नंबरचे ३५ चे आणि ८०० नंबरचे सुमारे २२ चे. कणाचा पूर्ण आकार प्लास्टिकमध्ये उतरत नाही, तरी मोठ्या कणांनी पाडलेली चर इतक्या पातळ रंगाने बुजणार नाही हे या आकड्यांवरून कळते. रंग सुकताना आकसतो आणि ती चर दिसू लागते, कधीकधी आठवड्याने. त्यामुळे जुना रंग आणि ओरखड्यांच्या कडा ४०० नंबरने बसवणे, प्रायमरच्या आधी ६०० ने आणि रंगाच्या आधी ८०० किंवा १००० नंबरने पाण्यासह घासणे, या पायऱ्या गाळता येत नाहीत. प्रत्येक पायरीचे काम आधीच्या पायरीच्या चरा मिटवणे एवढेच असते. नुसते बोटांनी चाचपून भागत नाही. तिरक्या उजेडात पॅनल फिरवून पाहणे हीच खरी तपासणी.

चौथा फरक उष्णतेचा. तापमान एका अंशाने वाढले की एबीएस लोखंडाच्या सात-आठ पट फुगते. चाळीस सेंटिमीटर लांबीचे पॅनल जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर असेल आणि मेच्या दुपारी उन्हात ६५ अंशांवर गेले, तर ते सुमारे दोन मिलिमीटर लांबते. तेवढ्याच लांबीचा पत्रा पाव मिलिमीटर. पत्र्यासाठी बनवलेली कडक पुटी जाड भरली तर ती या ताणाला साथ देत नाही, आणि तडा तिच्या कडेपासूनच सुरू होतो. म्हणून प्लास्टिकवर लवचीक पुटी, तीही ओरखडा भरण्यापुरती पातळ वापरावी. आरपार भेग पुटीने झाकू नये. एबीएसची भेग त्याच जातीच्या प्लास्टिकचे तुकडे एसीटोनमध्ये विरघळवून केलेल्या लेपाने मागून जोडता येते. हा उपाय पॉलिप्रॉपिलीनला लागू पडत नाही, कारण ते एसीटोनमध्ये विरघळतच नाही.

राहिला हवामानाचा प्रश्न. घरी हवा ताब्यात ठेवता येत नाही, मग काम बिघडणारच, हा आक्षेप वजनदार आहे. पावसाळ्यात तो पूर्ण खरा आहे. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर धरते आणि रंग दुधाळ होतो. मे महिन्यात उलटे घडते: फवाऱ्याचा थेंब पॅनलवर पोहोचेपर्यंत निम्मा सुकतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. पण हवा ताब्यात ठेवता येत नसली तरी दिवस निवडता येतो. पूर्व विदर्भाच्या धानावर काम करणारे संशोधन केंद्र सिंदेवाहीतच आहे. पाऊसपाणी पाहून वाण ठरवावा लागतो हे या तालुक्याला सांगायला नको, आणि रंगाचा हिशेब त्याहून वेगळा नाही. नोव्हेंबर-डिसेंबरची हवा कोरडी असते, पण तेव्हा मळणीचा भुसा उडत असतो. मळणी उरकल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत, पहाटेचे दव सुकून गेल्यावर, अकरा ते तीन या वेळात तापमान आणि आर्द्रता दोन्ही अनुकूल असतात. धानावरच विसंबून असलेल्या घरात हाताला थोडी उसंतही याच काळात मिळते. बाकी वर्षभर तयारीचे काम करता येते. पावसाळ्यात घासून ठेवलेले पॅनल फवारणीआधी पुन्हा धुतले आणि हलके घासले की झाले.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे दिखाव्यासाठी आहे. गाडी चालते ना, मग पॅनल कसे का दिसेना. एबीएसच्या बाबतीत हे खरे नाही. त्याला चिवटपणा देणारा ब्युटाडाइनचा रबरी अंश सूर्याच्या अतिनील किरणांनी मरतो. रंग गेलेले पॅनल आधी पिवळट पडते, मग ठिसूळ होते आणि एका साध्या पडण्यात त्याचे लॉक तुटते. रंग हे त्याचे छप्पर आहे. त्याला जोडूनच येणारा प्रश्न: मग नवेच का घेऊ नये? चालू मॉडेलचे कंपनीचे रंगवलेले पॅनल मिळत असेल आणि जुने फुटले असेल, तर जरूर घ्यावे. पण जुन्या मॉडेलचे भाग मिळेनासे होतात, लोकल पॅनल अनेकदा भोकांना भोक जुळत नाही अशा मापाचे निघते, आणि तेही रंगवावेच लागते. मूळ पॅनल धड असेल तर मापाला त्याच्याइतके चोख दुसरे काही नसते.

तिसरा आक्षेप पेंटरच्या पोटाचा, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. घरोघरी लोक रंगवू लागले तर तालुक्याच्या गावातल्या कारागिराने काय करावे? आमचे उत्तर कामाच्या वाटणीत आहे. तयार केलेले पॅनल घेऊन गिऱ्हाईक आले तर पेंटरचा परवडत नसलेला वेळ वाचतो आणि त्याच्या कसबाचे, म्हणजे सारखा हात मारण्याचे, काम उरते. पूर्ण खर्च झेपत नाही म्हणून कधीच न आलेले गिऱ्हाईकही त्यामुळे येऊ शकते. आयटीआयमध्ये वाहनांच्या रंगकामाचा एक वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, आणि चंद्रपुरात प्लास्टिकचे शिक्षण देणारे सिपेटचे केंद्र आहे. जिल्ह्यातल्या तरुणांनी हे काम नीट शिकून मास्क, पंखा आणि बंद खोलीसह दुकान काढावे, आणि शिकलेले गिऱ्हाईक त्याच्या दारी जावे, असे आम्हाला मनापासून वाटते. चांगले काम ओळखणारे गिऱ्हाईकच चांगल्या कामाचा दर देते.

सर्वांत मोठा आक्षेप जिवाचा आहे, आणि आमची सीमा मुख्यतः त्यावरच आखली आहे. हार्डनर मिसळून मारायच्या टू-के लॅकरमध्ये आयसोसायनेट असते. वाहने रंगवणाऱ्या कामगारांना होणाऱ्या दम्याचे ते जगभर ओळखले गेलेले कारण आहे. घातक पातळीला पोहोचले तरी त्याचा वास येईलच असे नाही, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या अंशानेही दम लागतो. उन्हाळ्यात तोंडाला बांधायचा दुपट्टा किंवा कापडी मास्क ही वाफ अडवत नाही. याच लॅकरवर मात्र पेट्रोल सांडले तरी तो टिकतो. स्प्रे कॅनमधला साधा लॅकर पेट्रोलने मऊ पडतो, आणि टाकीखालच्या साइड पॅनलवर पेट्रोल कधी ना कधी ओघळतेच. म्हणजे हा हात टाळताही येत नाही आणि घरी मारूही नये. मग तो कारागिराकडे मारून घेणे हाच एक सरळ मार्ग उरतो. साध्या प्रायमर-रंगालाही सेंद्रिय वाफेसाठीचा कार्ट्रिज मास्क, उघडे अंगण आणि मुलाबाळांपासून अंतर हवेच. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकते. चूल, देवघरातला दिवा, अगरबत्ती यांपैकी काहीही जवळ पेटते नसावे. घासकाम पाण्यातच करावे. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम केंद्राने २०१६ मध्ये केले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले, पण ते घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरते आहेत; गाडीवरच्या जुन्या रंगाची कोरडी धूळ निर्धोक मानायला आधार नाही. घासलेला गाळ फडक्यातून गाळून, सुकवून, बांधून ठेवावा. बोडीत, तलावात किंवा विहिरीजवळ तो धुऊ नये, कारण तेच पाणी धानाला आणि गुरांना जाते.

कायद्याचा भाग थोडक्यात. नोंदणी प्रमाणपत्रात गाडीच्या रंगाची नोंद असते. तोच रंग पुन्हा देण्याला अडचण नाही. रंग बदलायचा असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारून नोंद बदलून घ्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखीव आहे. जुन्या गाड्यांना तो देण्याची हौस अनेकांना असते. ती इथेच आवरावी.

पुस्तिकेची मांडणी कामाच्या क्रमानेच केली आहे: भाग खोलणे आणि ओळखणे, धुणे, भेगा जोडणे, घासणे, प्रायमर, रंग, आणि शेवटी लॅकरसाठी पॅनल कारागिराकडे नेताना त्याला काय सांगावे व काय विचारावे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक परीक्षा दिली आहे. ती पार झाल्याशिवाय पुढच्या प्रकरणाकडे वळू नये. पहिल्यांदा करणाऱ्याने टाकी किंवा वायझर हाती न घेता, आतल्या बाजूचे किंवा भंगारातून आणलेले एबीएसचे एखादे पॅनल घ्यावे आणि ते शेवटपर्यंत न्यावे. कंपनीसारखी झळाळी पहिल्या खेपेला येणार नाही. रंग मात्र धरला पाहिजे, आणि धरला की नाही हे पुढचा उन्हाळा आणि पुढचा पावसाळा सांगेल. त्या दोन ऋतूंनंतर पोपडा न सुटलेले पॅनल ज्याच्या हातून झाले, त्याने या पुस्तिकेतले मुख्य काम शिकून घेतले असे समजावे.